ऋण काढून सण आणि ग्रंथालयातली एक दुपार

आपल्या कॉलेजात दरवर्षी दोन कार्यक्रम हमखास ओस पडतात. एक म्हणजे बँकेतल्या साहेबांचं 'आर्थिक साक्षरता' व्याख्यान आणि दुसरा 'ग्रंथालयाची ओळख'. मीही दोन्हींना दांडी मारली होती. त्याची किंमत पुढे मोजली, म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या वर्षाला असताना मोबाइलचा हप्ता थकला, तेव्हा एका ॲपवरून मी आठ हजारांचं कर्ज घेतलं. खात्यात आले ६,६०० रुपये. उरलेले १,४०० फी म्हणून आधीच कापलेले! पंधरा दिवसांनी फेडायचे मात्र पुरते ८,०००. ते जमेनात, म्हणून दुसरं ॲप. मग तिसरं. शेवटी घरी सांगावंच लागलं.

माझे आजोबा देवासचे. तिथल्या बँक नोट प्रेसमधून निवृत्त झाले. उभा जन्म नोटांच्या गठ्ठ्यांत काढलेला हा माणूस रोज रात्री दूध-भाजीचा खर्च वहीत मांडतो. आजी चेष्टा करते, "नोटा छापणाऱ्याच्या घरात चिल्लरचा हिशोब!" आजोबांनी माझं कर्ज फेडलं, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अगं, आपल्या देवासचा राजा कर्जात बुडाला, तिथं तुझी काय कथा? वाच जरा त्याच्याबद्दल."

म्हणून एका दुपारी ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल मॅडमनी ई. एम. फॉर्स्टरचं 'द हिल ऑफ देवी' (१९५३) हातात दिलं. नावातली टेकडी म्हणजे आपली माताजीची टेकडी. हा इंग्रज कादंबरीकार १९२१ मध्ये काही महिने देवास थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचा खाजगी सचिव होता. एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या, दोन दरबार. संस्थान लहान, मानमरातब मात्र मोठा. नवा राजवाडा बांधून होण्याआधीच त्याची पडझड सुरू झालेली. गोकुळाष्टमीचा उत्सव दिवसेंदिवस चाले. ऋण काढून सण म्हणतात तो हाच. अखेर तिजोरी रिकामी झाली, इंग्रज सरकारचा तगादा लागला. १९३३ च्या अखेरीस महाराज तीर्थयात्रेच्या निमित्ताने निघाले आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. १९३७ मध्ये तिथेच वारले.

मला वाटलं होतं, उधळ्या राजाची गोष्ट असेल. पण फॉर्स्टरचा त्यांच्यावर फार जीव होता. माणूस प्रेमळ, श्रद्धाळू, बुद्धिमान. म्हणजे पैशाची घडी विस्कटायला माणूस वाईट असावाच लागतो असं नाही. हे वाचून मला जरा बरं वाटलं आणि जरा भीतीही वाटली.

त्याच पुस्तकात महाराजांचे शिक्षक माल्कम डार्लिंग भेटतात. मॅडम म्हणाल्या, "यांचं नाव टाकून शोध बरं." शोधलं, तर १९२५ चं एक पुस्तक निघालं, पंजाबच्या शेतकऱ्याच्या समृद्धी आणि कर्जावरचं. इंटरनेट आर्काइव्हवर फुकट! ज्यांचा शिष्य पुढे कर्जात बुडाला, त्या गुरूंनीच कर्जावरचा नावाजलेला ग्रंथ लिहिलेला. त्यात ते दाखवतात की जमिनीचे भाव चढले तशी शेतकऱ्याची पत वाढली, आणि पत वाढली तसं कर्जही वाढलं. म्हणजे माणूस नडतो म्हणूनच कर्ज काढतो असं नाही. मिळतं म्हणूनही काढतो. हे वाचताना मला माझ्या ॲपवरचं 'अभिनंदन, तुमची मर्यादा वाढली आहे' आठवलं. शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक माझ्या मोबाइलबद्दल बोलत होतं.

तिथंच बसून मी वहीत हिशोब केला. ६,६०० वर पंधरा दिवसांना १,४००, म्हणजे एकवीस टक्के. वर्षाचा साधा दर काढला तर पाचशे टक्क्यांच्या वर! रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे डिजिटल कर्जाचे नियमही सापडले. कर्ज देण्याआधी वर्षाचा एकूण खर्च किती टक्के पडतो, ते लेखी द्यावं लागतं. तो कागद मी मागितलाच नव्हता. असा कागद असतो हेच माहीत नव्हतं.

माझं म्हणणं असं की हिशोब ठेवणं आणि ग्रंथालयात जाणं या दोन वेगळ्या सवयी नाहीत. दोन्हींत एकच प्रश्न असतो: हे आलं कुठून? माझं आजोळ धारचं. तिथले शिक्षणखात्यातले का. कृ. लेले यांना १९०३ मध्ये 'पारिजातमंजरी' नाटकाचा शिलालेख सापडला. पुढे हुल्त्श या पंडितांनी तो वाचून 'एपिग्राफिया इंडिका'त छापला, म्हणून आज आपण त्याबद्दल खात्रीने बोलतो. नुसतं 'कुणीतरी सांगितलं' यावर ना इतिहास उभा राहतो, ना घरखर्च.

काही जण म्हणतील, "आमच्याकडे पैसेच नाहीत, हिशोब कसला ठेवायचा?" अहो, माझ्याकडे तरी कुठे होते? पैसा नसलेल्यालाच उधारी आधी गाठते.

म्हणून मंडळाला एक सुचवते. व्याख्यान आणि ग्रंथालयाची ओळख हे दोन्ही कार्यक्रम एकत्र करा, आणि ते ग्रंथालयातच घ्या. प्रत्येकाने आपला एक खरा प्रश्न आणावा: शिक्षणकर्जाचा, शिष्यवृत्तीचा, पतपेढीतल्या ठेवीचा. मॅडम एन-लिस्टचं लॉगिन देतील. शोधगंगा, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, मराठी विश्वकोश कसा पाहायचा ते दाखवतील. जाताना प्रत्येकाने उत्तर आणि ते कुठल्या पानावर मिळालं, हे दोन्ही लिहून न्यावं.

मी आता रोज रात्री वही लिहिते. परवा आजोबांनी फोनवर विचारलं, "जमाखर्च जुळतो का गं?" म्हटलं, "अकरा रुपये सापडत नाहीयेत." आजोबा हसून म्हणाले, "शोध. सापडतील."

चहाचे निघाले.