पारसनिशी आणि परदेशी व्यापार

दुसरे महायुद्ध संपते न संपते तोच, अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात ग्लेंडेलजवळ ज्या विमानतळावर तरुण वैमानिकांना युद्धाचे धडे दिले जात होते, त्याच जागी १९४६ साली लेफ्टनंट जनरल बार्टन काइल याउंट यांनी परदेशी व्यापाराचे एक विद्यालय स्थापन केले, आणि थंडरबर्ड या नावाने ते पुढे विख्यात झाले. व्यापारशास्त्राइतकेच परकी भाषेला आणि त्या त्या प्रदेशाच्या इतिहास-समाजाच्या अध्ययनाला तेथे महत्त्व होते. ताळेबंद वाचणाऱ्या विद्यार्थ्याने स्पॅनिश क्रियापदेही तितक्याच निष्ठेने घोकावीत, अशी त्या योजनेची अपेक्षा होती.

मराठी माणसाला ही कल्पना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. फारसी पत्रव्यवहारासाठी पारसनीस हा स्वतंत्र हुद्दा आपल्या दरबारात होता, तो काही अलंकार म्हणून नव्हे. आलेल्या खलित्यात आर्जव कोठे संपते आणि धमकी कोठे सुरू होते, हे मूळ भाषा जाणणाऱ्यालाच नेमके उमगते, आणि तेवढ्या एका उमजावर कधी कधी तहाची कलमे अवलंबून असतात. करारमदारांचेही तसेच आहे. दुभाषा शब्द पोहोचवील; होकारापूर्वीचा क्षणभराचा संकोच मात्र त्याच्या हातून निसटतो.

थंडरबर्डला पुढे आर्थिक विपन्नतेने ग्रासले, २०१४ च्या अखेरीस अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठात त्याच्या विलीनीकरणाचा करार झाला, आणि २०१८ मध्ये ग्लेंडेलची जुनी जागाही सुटली. संस्थांना उतरती कळा लागते, हे समजण्यासारखे आहे. परंतु आंतरराष्ट्रीय म्हणविणाऱ्या अनेक व्यवस्थापन विद्यालयांत परकी भाषा आज केवळ ऐच्छिक विषय होऊन बसली आहे, याचा मला मनापासून खेद वाटतो. फायनान्शियल टाइम्सच्या क्रमवारीत पदवीधरांच्या वेतनाला मोठे वजन आहे, आणि भाषेवर खर्चिलेले शेकडो तास त्या रकान्यात सहसा दिसत नाहीत. मग वेळापत्रकावर कात्री चालवावयाची झाली की ती प्रथम कोठे चालते, हे उघड आहे.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा एक मुलगा जर्मनीतील अशाच अभ्यासक्रमासाठी कर्जाची कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आला. वडिलांचे राहते घर तारण, जामीनदार म्हणून मामाची सही, मुद्रांक, नकला, सारे व्यवस्थित लावलेले होते. "जर्मन शिकतोस ना रे?" असे मी विचारले, तेव्हा तो सरळपणे म्हणाला, "काका, सगळे इंग्रजीतच शिकवतात. लागणार नाही." त्याची चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण विद्यालयाने धाडलेल्या जाड माहितीपुस्तिकेतही जर्मनचा उल्लेख शेवटच्या पानावर, पोहण्याच्या तलावानंतर आला होता. निघण्यास अजून सहा महिने अवकाश आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनचे वर्ग चालतात. सोमवारी त्याला घेऊन मी तेथे चौकशीला जाणार आहे.