पुळणीवरचा खेळ

स्कॉटलंडमध्ये राहून गोल्फविषयी न लिहिणं म्हणजे पंढरपुरात राहून वारीचं नाव न काढण्यासारखं. हे सदर सुरू होऊन चार दिवाळ्या झाल्या, तरी तो विषय राहूनच गेला होता. यंदा आमच्या शेजारच्या आजोबांनी तो लिहून घेतला म्हणा ना!

आजोबा ७८ वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की कँटोन्मेंट, साहेब आणि मागे ओझं वाहणारा पोरगा असं चित्र डोळ्यांपुढे येतं. माँट्रोझला तसं नाही. बसचालक खेळतो, सुतार खेळतो, शाळकरी मुली खेळतात. आजोबा स्वतःची पिशवी स्वतःच खांद्याला लावतात. आत पाच-सहाच काठ्या. जास्त काठ्या घेणाऱ्याला वारा कळत नाही, असं त्यांचं मत.

इथलं मैदान जगातल्या सर्वांत जुन्या मैदानांपैकी एक. पुढे धर्मोपदेशक झालेल्या जेम्स मेल्व्हिलने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय, की माँट्रोझजवळच्या शाळेत गुरुजींनी त्याला तिरंदाजी, पोहणं आणि गोल्फही शिकवलं. त्यावरून मैदानाचं नावच ‘१५६२’. गंमत अशी, की त्याआधी १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने गोल्फवर बंदी घातली होती, कारण लोक तिरंदाजीचा सराव सोडून हेच खेळत बसायचे. शंभर वर्षांनी गुरुजींनी दोन्ही एकाच वेळापत्रकात बसवलं! मी मास्तरीण होते, म्हणून मला या गुरुजींचं फार कौतुक.

असल्या मैदानाला इथे ‘लिंक्स’ म्हणतात. समुद्र आणि शेतं यांच्या मधली वाळूची, खुरट्या गवताची पट्टी. नांगराला निरुपयोगी, म्हणून मेंढरांना मोकळी. कोकणातल्या वाचकांना एका शब्दात सांगते : पुळण. मेंढ्या वाऱ्याला आडोसा शोधत वाळूत बसायच्या, त्यांचे खळगे म्हणजे पुढचे बंकर, असं सांगतात. त्यामुळे इथले उंचवटे कुणी कागदावर आखलेले नाहीत. चेंडू चांगला मारला तरी एखाद्या उंचवट्यावर आपटून भलतीकडे जातो. त्यावर रागवायचं नाही, जिथे पडला तिथूनच पुढे मारायचा.

मे महिन्यात एकदा मी त्यांच्याबरोबर चालायला गेले. रात्रीचे नऊ वाजत आलेले आणि लख्ख उजेड. गॉर्सची काटेरी झुडपं पिवळ्या फुलांनी लगडलेली होती. या फुलांना चक्क खोबऱ्याचा वास येतो! डोळे मिटले तर शेजारी कुणी करंज्यांचं सारण परततंय असं वाटावं. वर चंडोल गात होता. त्याचं घरटं जमिनीवर, उंच गवतात असतं. आजोबांचा एक चेंडू तिकडेच गेला. ते थांबले, गवताकडे पाहिलं आणि खिशातून दुसरा चेंडू काढला. “तो चेंडू आता त्याचा,” एवढंच म्हणाले. साठ वर्षं खेळताहेत, पण त्या दिवशीचे गुण मी विचारले तेव्हा त्यांना आठवेनात. वारा कुठे फिरला, भरती कधी लागली, हे मात्र तोंडपाठ.

मग ते मला वाळूच्या टेकाडाच्या काठापर्यंत घेऊन गेले. तिथून पुढे काही नव्हतं. कापलेल्या केकसारखी सरळ कड, खाली समुद्र. डंडी विद्यापीठाच्या अभ्यासात तीस वर्षांत समुद्र सुमारे ७० मीटर माँट्रोझकडे सरकल्याचं दिसलं होतं. आकडा मी वाचला होता. पण आजोबांनी पाण्याकडे बोट दाखवून “माझ्या वडिलांनी मला पहिला फटका मारायला शिकवलं ते तिथे,” म्हटलं, तेव्हा बोटाच्या टोकाशी फेस होता. टी, म्हणजे चहा नव्हे, पहिला फटका मारायची जागा, आत सरकवावी लागली आहे. आजोबा दर जानेवारीत एका खांबापासून कडेपर्यंत पावलं मोजतात आणि वहीत लिहितात. आकडा वाढल्याचं त्यांना आठवत नाही. माझ्या माहेरच्या पुळणीवरही दर पावसाळ्यात सुरूची झाडं मुळासकट आडवी होतात, आणि बाबा फोनवर सांगतात, “यंदा आणखी चार गेली.” अगदी तोच सूर.

मला वाटलं होतं आजोबा चिडतील, कुणाला तरी बोल लावतील. थोडे चिडतातही, विशेषतः दगडांच्या बांधाचा विषय निघाला की. इथे बांध घातला की लाटा पलीकडची वाळू नेतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. पण बोलून झालं की काठी उचलून पुढच्या फटक्याला लागतात.

गेल्या महिन्यात माझ्या आठ वर्षांच्या लेकीने त्यांना विचारलं, “आजोबा, ही टी पण समुद्राने नेली तर?”

“तर आणखी आत सरकू.”

“आणि आत काय आहे?”

आजोबांनी मागे वळून आमच्या गल्लीच्या छपरांकडे पाहिलं. “तुझी खोली, पोरी.”