समासाला मार्क देऊ नका

शाळेत वहीच्या डाव्या बाजूला समास सोडायचा आणि त्यात काही लिहायचं नाही, असा नियम होता. ती जागा बाईंची. तिथे लाल पेनाने मार्क पडायचे, शेरे पडायचे. गेली तीन वर्षं मी ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, ते विद्यार्थ्यांना नेमकं समासातच लिहायला सांगतं. आणि लिहिलं की त्याचेही मार्क देतं. मार्क देणारा कोड मी लिहिलाय, म्हणून हे सगळं.

ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी: शिक्षक एखादा धडा किंवा रिसर्च पेपर अपलोड करतात. विद्यार्थी त्यातलं एखादं वाक्य सिलेक्ट करून शेजारी टिपण लिहितो. ते वर्गातल्या बाकीच्यांना दिसतं, त्याखाली उत्तरं येतात. यालाच ऑनलाइन ॲनोटेशन म्हणतात. कल्पना वेबइतकीच जुनी आहे, 1993च्या मोझेक ब्राउझरमध्येही पानाला टिपण जोडायची सोय होती. 2011मध्ये हायपोथिसिस सुरू झालं. 2017मध्ये डब्ल्यूथ्रीसीने अशा टिपणांसाठी एक खुलं स्टँडर्ड ठरवलं. त्यात टिपण मूळ मजकुरात घुसत नाही, वेगळ्या थरात राहतं. निवडलेले शब्द आणि त्यांच्या आगेमागचा थोडा मजकूर लक्षात ठेवून ते पानावर आपली जागा शोधतं. (आपल्याकडच्या नोट्स म्हणजे मोबाइलवर काढलेल्या फोटोंची पीडीएफ, तिथे पकडायला शब्दच नसतात. ते दुखणं वेगळं, पुन्हा कधीतरी.) इंजिनिअर म्हणून मला ही रचना फार आवडते. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेली भर एकनाथांना शके 1506मध्ये वेचून काढावी लागली होती. थर वेगळा असता तर त्यांचे कष्ट वाचले असते. हा विनोद मी ऑफिसात करून पाहिला, कुणी हसलं नाही.

तेव्हा माझं भांडण टिपणांशी नाहीच. ते मार्कांशी आहे.

आमचं सॉफ्टवेअर काय मोजतं? टिपणात शब्द किती, टिपणं धड्याच्या सगळ्या भागांत पसरलीत का, डेडलाइनच्या आत आली का, त्यांना उत्तरं किती मिळाली. हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांच्या गटातून निघालेलं पेरूसॉलही टिपणांना आपोआप गुण देतं. त्यामागचा हेतू चांगला आहे: मुलांनी वाचून वर्गात यावं, म्हणजे वर्गातला वेळ चर्चेला उरेल.

गेल्या सेमिस्टरला एक बग शोधताना मी एका कॉलेजचे लॉग बघत होते. डेडलाइन रात्री 11:59ची. साडेअकरानंतर टिपणांचा नुसता पाऊस. ‘हा परिच्छेद अत्यंत महत्त्वाचा असून लेखकाने अवघड संकल्पना सोप्या भाषेत स्पष्ट केली आहे, त्यामुळे विषय समजण्यास खूप मदत होते.’ जगातल्या कुठल्याही परिच्छेदाला चिकटवा, चालेल. पूर्ण मार्क. तेच वाक्य आणखी तिघांचं, एकात फक्त ‘लेखकाने’चं ‘लेखकांनी’ झालेलं. त्यांनाही पूर्ण मार्क.

आणि त्याच धड्यावर एक टिपण दुपारी सव्वातीनचं होतं. ‘ही स्टेप कशी आली? मला नाही कळली.’ मार्क शून्य.

कारण पंधरा शब्दांपेक्षा कमी असेल तर ‘अपुरं’, ही अट माझी. मी पुढचे धडे उघडून पाहिले. पुढच्याच आठवड्यापासून त्या विद्यार्थ्याची टिपणंही ‘अत्यंत महत्त्वाचा असून’ अशी सुरू झाली. सेमिस्टर संपेपर्यंत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. अख्ख्या वर्गात खरंखुरं वाचणारा एक जण होता, त्याला आम्ही सुधारला.

(मी हे असं शोधू शकले, तेही नावासकट, ही गोष्टही जरा मनात ठेवा.)

इंजिनिअरिंगला असताना मी अप्पा बळवंत चौकातून सिग्नल्सचं एक सेकंडहँड पुस्तक घेतलं होतं. त्यात कुणा सीनियरने पेन्सिलने जागोजागी लिहून ठेवलेलं. एका गणिताशेजारी होतं, ‘इथे मायनस पाहिजे. छपाईची चूक.’ मी दोन तास त्या गणितावर अडून बसले होते, ते पाच शब्द वाचले आणि सुटले. अजून एका पानावर नुसतं ‘??’ होतं. त्याचा तर फारच आधार वाटला, कारण मलाही तिथे काही कळत नव्हतं. आमच्या सॉफ्टवेअरने या दोन्ही टिपणांना शून्य दिलं असतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं: मार्क नसतील तर पोरं वाचणारच नाहीत. एका प्राध्यापकांनी मला हे डेमोमध्ये तोंडावर सांगितलं. बरोबर आहे सर, बरीच नाही वाचणार. पण आत्ता तरी कुठे वाचतात? आता तर चॅटजीपीटी पंधराच काय, दीडशे शब्दांचं टिपण दोन सेकंदांत देतं. तुमच्या डॅशबोर्डवरचा हिरवा आलेख वाचनाचा नाही, पेस्ट केल्याचा आहे. मार्क काढले तर आकडा पडेल हे खरं, पण जी आठ-दहा टिपणं उरतील ती वाचून तुम्हाला उद्या वर्गात नेमकं काय शिकवायचं ते कळेल. आणि हो, त्यांना उत्तर द्या. लॉगमध्ये मला शिक्षकांची उत्तरं जवळपास दिसलीच नाहीत. मार्क मशीन देतंय म्हटल्यावर वाचायचं तरी कशाला?

शून्य मिळालेल्या त्या टिपणाखालीही कुणी काही लिहिलेलं नाही. ती स्टेप मला येत होती. पण लॉग बघणाऱ्याने उत्तर द्यायची सोय आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही.

तुम्ही शिकवत असाल आणि असं काही वापरत असाल, तर सेटिंग्जमध्ये जा. आपोआप गुण देण्याचं बटण असेल, ते बंद करा. टोपणनावाने लिहू द्यायची सोय असेल तर ती चालू करा. आमच्याकडे पहिलं बटण आधीपासूनच चालू असतं, तेही मीच तसं ठेवलंय. ते बदलायचं तिकीट मी टाकलंय. तीन स्प्रिंट झाले, अजून बॅकलॉगमध्येच पडलंय, कारण सेल्सवाल्यांना डेमोत तोच हिरवा आलेख दाखवायचा असतो. तोवर ते तुम्हालाच हाताने बंद करावं लागेल.