थांबणाऱ्याचा नंबर



येत्या स्नेहसंमेलनाआधी शाळेच्या बक्षिसांच्या नियमांत एक कलम वाढवावे, असे आम्ही कार्यकारिणीपुढे मांडणार आहोत. हे कलम आम्हांस सुचले ते समुद्रावरच्या एका शर्यतीवरून. माळव्यात बसून समुद्राच्या गोष्टी कसल्या, असे कुणी म्हणेल. पण 2023 साली चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या मुलीने, नेहा ठाकूरने, एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवले. ती शिकली भोपाळच्या मोठ्या तलावावर. तेव्हा हा खेळ आता आपल्याला परका राहिलेला नाही. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले. हिंदीत शिडाला 'पाल' म्हणतात. घरी हा शब्द काढला की सगळे आधी भिंतीकडे बघतात!)

या छोट्या होडीला डिंगी म्हणतात. सुकाणू, शिडाची दोरी, सगळे एकाच माणसाच्या हाती. वाऱ्याने होडी कलली की पाय पट्ट्यात अडकवून, अंग पाण्यावर झोकून तिला सावरणाराही तोच. स्पर्धा एका शर्यतीत संपत नाही. नेहाच्या गटात 11 शर्यती झाल्या. पहिल्याला 1 गुण, दुसऱ्याला 2, असे गुण मोजतात, सर्वांत वाईट शर्यत वगळतात आणि ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकतो. नेहाचे 27 भरले. कमी गुणांवर पहिला नंबर, हे ऐकून आमची काही मुले भलतीच खूश होतील. पण यातली मेख अशी की एखाद्या शर्यतीत मागे पडले की ते ओझे शेवटपर्यंत वाहावे लागते.

हे लक्षात ठेवून आता 1988 च्या सोल ऑलिंपिककडे या. शिडाच्या होड्यांच्या शर्यती बुसानच्या समुद्रात होत्या. 24 सप्टेंबरला फिन या एकट्याच्या होडीची पाचवी शर्यत चालू होती. कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. तो जन्माने एडमंटनचा, म्हणजे आपल्यासारखाच समुद्रापासून लांबच्या गावचा. वारा सुमारे 35 नॉट, म्हणजे ताशी 65 किलोमीटरपर्यंत वाढला. जवळच दोघांनी चालवायच्या होड्यांची वेगळी शर्यत होती. तिथली सिंगापूरची होडी उलटलेली त्याला दिसली. एक जण होडीला धरून होता, दुसरा प्रवाहाबरोबर दूर जात होता. लेम्यूने आपली शर्यत सोडून होडी वळवली. आधी दूर जाणाऱ्याला वर घेतले, मग दुसऱ्याकडे गेला. त्या लाटांत त्याची स्वतःची होडीही उलटू शकली असती. कोरियन नौदलाची बोट येऊन दोघांना घेऊन जाईपर्यंत तो थांबला आणि मग पुन्हा शर्यतीला लागला. अर्थातच बराच मागे राहिला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते. टाळ्या, 'माणुसकी श्रेष्ठ' वगैरे. आम्हांस त्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पंचमंडळाने त्याला त्या शर्यतीत दुसरा क्रमांक परत दिला. ती मेहेरबानी नव्हती. संकटातल्या माणसाला शक्य ती सर्व मदत केलीच पाहिजे, हे या खेळाच्या नियमपुस्तिकेत आज पहिल्याच कलमात आहे. आणि मदत करताना ज्याचे नुकसान झाले, त्याची भरपाई मागण्याची तरतूदही त्याच पुस्तिकेत आहे. लेम्यू शेवटी अकरावा आला. पदक त्याला सहानुभूतीने दिले गेले नाही, फक्त गेलेली जागा परत मिळाली. ऑलिंपिक समितीने पिअर द कुबर्तां पदक देऊन गौरव केला, तो वेगळा.

आता आपल्याकडे पाहू. प्रार्थनेच्या वेळी आपण परोपकारावर बोलतो. पण पूर्ण उपस्थितीच्या बक्षिसाचा नियम असा की जखमी मैत्रिणीबरोबर दवाखान्यात गेलेल्या मुलीचाही खाडा लागतो. धावण्याच्या शर्यतीत पडलेल्याला उठवणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात, पण नंबर जातो तो जातोच. मुले नियम बरोबर वाचतात, भाषण नव्हे.

काही पालक म्हणतील, भरपाई ठेवली तर मदतीतला त्याग गेला. आम्हांस हे पटत नाही. लेम्यूने होडी वळवताना भरपाईचा हिशेब केला असेल, असे वाटत नाही. असे मूल नियमाशिवायही वळेल. पण वर्गात चाळीस मुले असतात, आणि त्यांतली पुष्कळशी थांबावे की नाही या विचारात क्षणभर घुटमळतात. त्यांच्यासाठी नियम हवा. दुसरी शंका जास्त खरी आहे. मुले खोटी मदत दाखवतील. दाखवतीलही. म्हणूनच त्या खेळातही भरपाई आपोआप मिळत नाही, पंच चौकशी करतात.

आमचे म्हणणे एवढेच की क्रीडास्पर्धा आणि उपस्थिती, या दोन ठिकाणी असे कलम घालावे. अडचणीतल्या विद्यार्थ्याला मदत केल्यामुळे गेलेला नंबर किंवा दिवस तीन शिक्षकांच्या समितीने चौकशी करून भरून द्यावा. परीक्षेचे गुण यात नकोत, तो विषय आमच्या हातातला नाही. मसुदा कार्यालयात ठेवला आहे. पालकांनी वाचून आपले मत लेखी कळवावे. समितीपुढे मुलांची साक्ष धरावी की केवळ शिक्षकांची, यावर आमच्या शिक्षकवर्गात अजून एकमत नाही, त्यावर विशेष लिहावे.