क्योतो आणि सनदी वाटाड्या

ज्या नगरात इसवी सन ७९४ पासून एक हजाराहून अधिक वर्षे जपानच्या सम्राटांचा दरबार भरत असे, ज्याच्या आणि ज्याच्या परिसरातील १७ देवालये, विहार व दुर्ग १९९४ साली जागतिक वारशाच्या यादीत नोंदले गेले, आणि ज्याच्या गिऑन नामक पेठेतील जुनी चहागृहे ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या शिफारशीवाचून आलेल्या मनुष्यास, मग त्याची थैली कितीही जड असो, आजही नम्रपणे परत धाडतात, त्या क्योतोस आपल्याकडचा प्रवासी बहुधा दीड दिवस देतो. तोही बसच्या वेळापत्रकात बसवलेला: सुवर्णमंडप पाहून झाला की फुशिमीच्या तांबड्या तोरणांखाली छायाचित्र, आणि रात्री वरणभाताची हमी. वरणभाताशी माझे काही वैर नाही. परंतु अशा नगरात उतरल्यावर तेथल्याच एखाद्या जाणत्या मनुष्यास दोन दिवसांपुरते सोबतीस घ्यावे, आणि त्यापायी इतर चार शहरांवर पाणी सोडावे लागले तरी बेहत्तर, असे माझे मत तेथील मुक्कामात पक्के झाले.

आम्हांस लाभलेल्या बाई साठी ओलांडलेल्या, बोलण्यात मोजक्या आणि चालण्यात मात्र आमच्यापेक्षा चपळ होत्या. गळ्यात त्यांची सरकारी सनद लटकत असे. १९४९ च्या कायद्याने परदेशी पाहुण्यास मोबदला घेऊन वाट दाखवण्याचा अधिकार केवळ अशा सनदी दुभाष्यांस दिला होता, आणि सनदेसाठी परकी भाषेबरोबर जपानच्या इतिहासाची व भूगोलाचीही परीक्षा द्यावी लागे. परीक्षा अद्याप आहे, परंतु २०१८ च्या जानेवारीपासून मक्तेदारी उठली. बिनसनदी मनुष्यासही आता हा व्यवसाय करता येतो, फक्त ती पदवी लावता येत नाही. पाहुणे वाढले आणि सनदी माणसे पुरेनात, हे सरकारचे कारण खोटे नव्हे. तरीही निवड करण्याची मुभा असेल तर दप्तरी जिची नोंद आहे अशाच व्यक्तीस मी पसंती देईन, आणि ती तिच्या माहितीच्या साठ्यासाठी नव्हे, तर पुराव्याची गोष्ट कोणती आणि ऐकीव कोणती हे वेगळे ठेवण्याची जी सवय अभ्यासाने लागते, तिच्यासाठी.

याचा प्रत्यय पहिल्याच सकाळी आला. क्योतोची जुनी लाकडी घरे रस्त्याकडे अरुंद आणि आत लांबच लांब असतात, आणि अशा घरास तेथे ‘उनागी नो नेदोको’, म्हणजे वाम माशाची शय्या, म्हणतात. घराच्या दर्शनी रुंदीवर महसूल बसे म्हणून लोकांनी घरे अशी चिंचोळी बांधली, ही कथा पुष्कळांनी वाचलेली असते; मीही ती ऐटीने सांगू लागलो. बाईंनी ती पुरती ऐकून घेतली आणि म्हणाल्या, तसे सांगतात खरे, पण बाजाररस्त्यावरची प्रत्येक हात जागा दुकानदारास हवीशी असणारच, आणि तेवढ्याने अर्धेअधिक कोडे सुटत नाही काय? आपल्याकडील किल्ल्यांवर, जेथे प्रत्येक कड्यावरून कोणाचा ना कोणाचा घोडा उडी मारून गेलेला असतो, असा संशय बोलून दाखवणारा वाटाड्या मला अजून भेटावयाचा आहे.

नकाशाची गोष्टही तशीच. नगराच्या एका भागाचे नाव ‘साक्यो’, म्हणजे डावी राजधानी. परंतु नकाशा समोर धरला तर तो भाग उजवीकडे, पूर्वेस दिसतो. आम्ही बुचकळ्यात पडलो तेव्हा बाईंनी आम्हांस राजप्रासादाच्या रोखाने नेले, दक्षिणेकडे तोंड करून उभे केले आणि हात पसरावयास सांगितले: सम्राट सिंहासनावर दक्षिणाभिमुख बसे, आणि नगराचे डावे-उजवे त्याच्या हातांवरून ठरले. पत्त्यांतही उत्तरेकडे जाणे म्हणजे ‘वर चढणे’, कारण प्रासाद उत्तरेस. ज्या निशिजिन पेठेत आजही रेशमी वस्त्रे विणली जातात, तिच्या नावाचा अर्थ पश्चिमेची छावणी. ही छावणी १४६७ ते १४७७ या काळात नगर भस्मसात करणाऱ्या ओनिन युद्धातील. क्योतोतील जुन्या घराण्यांत ‘मागचे युद्ध’ म्हटले की हेच युद्ध समजावे, असा एक विनोद आहे. त्यानंतरच्या महायुद्धात हे नगर अणुबाँबच्या यादीवर होते, आणि १९४५ साली अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी सेनाधिकाऱ्यांच्या आग्रहास न जुमानता ते वगळले नसते, तर हा विनोद करावयास कोणी उरले असते की नाही, न कळे.

परंतु मला सर्वांत अधिक काही मिळाले ते सान्जूसान्गेन्दो येथे, आणि तेथे देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले. ही ३३ खणांची, सुमारे १२० मीटर लांबीची लाकडी वास्तू १२४९ च्या आगीनंतर १२६६ साली पुन्हा उभी राहिली. आत सहस्रभुज कान्नोनच्या १००१ मूर्ती आहेत, मध्यभागी एक विशाल आसनस्थ आणि दोहों बाजूंस ओळींनी हजार उभ्या, त्यांपैकी १२४ आगीतून वाचलेल्या. प्रत्येक मूर्तीस नमस्कारासाठी जोडलेल्या दोन हातांखेरीज ४० हात असतात. एकेक हात २५ भुवनांचा उद्धार करतो, म्हणून हिशेबाने सहस्र. हे बाईंनी सांगितले. पुढील रांगेत पंख पसरून बासरी वाजवणारा ‘कारुरा’ म्हणजे आपला गरुड, हे आम्ही त्यांना सांगितले नाही, कारण ते त्यांना ठाऊक होते; परंतु कान्नोन म्हणजेच अवलोकितेश्वर, आणि या मूर्तींप्रमाणे अकरा मस्तके असलेला अवलोकितेश्वर आमच्या मुंबईतच, बोरिवलीजवळ कान्हेरीच्या ४१ व्या लेण्यात कोरलेला आहे, हे ऐकताच त्या थबकल्या आणि वही काढून लेण्याचा क्रमांक त्यांनी लिहून घेतला. ‘आपण तेथे पुष्कळदा जात असाल,’ त्या म्हणाल्या. आम्ही कान्हेरीस शेवटचे गेलो ते शाळेच्या सहलीबरोबर, डबा घेऊन. हे मी त्यांना सांगितले नाही.

असा खाजगी मार्गदर्शक म्हणजे श्रीमंतांचा शौक, असा आक्षेप येईल. मोबदला कमी नसतो हे मान्य. पण चौघांत वाटला तर वेगवान गाडीने एका शहरातून दुसऱ्यात धावण्याच्या भाड्यापुढे तो भारी वाटत नाही. शिवाय जपानात हौशी स्वयंसेवकांची मंडळेही आहेत, जी मेहनताना घेत नाहीत. त्यांचा प्रवासखर्च, प्रवेशशुल्क आणि जेवण एवढे पाहिले म्हणजे झाले. अडचण पैशाची कमी आणि आपल्या हिशेबीपणाची अधिक आहे: पाहिलेली स्थळे मोजता येतात, आणि एका गल्लीत घालवलेला पूर्वाह्ण कोणत्या रकान्यात भरावा हे आपणांस सुचत नाही.

शिवाय वाटाड्याचे अर्धे काम वाट दाखवणे नसून वाट अडवणे हे असते. गिऑनमधील एका गल्लीच्या तोंडाशी बाई उभ्या राहिल्या आणि पुढे गेल्या नाहीत. मैको व गैको या कलावंत स्त्रियांच्या पाठीस कॅमेरे घेऊन लागणाऱ्या झुंडींस विटून तेथील रहिवाशांनी २०२४ पासून आपल्या खाजगी गल्ल्या प्रवाशांस बंद केल्या आहेत. आत काय आहे, असे मी विचारले. ‘लोक राहतात,’ त्या म्हणाल्या. त्याच दुपारी एका चहागृहाच्या बागेत, पायवाटेच्या मधोमध, काळ्या दोरीने बांधलेला मुठीएवढा दगड दिसला. लहान मूलही ओलांडील असा. या दगडापुढे जावयाचे नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि कोणी जातही नाही.

निघण्याच्या दिवशी बाई नव्हत्या. पहाटे मुक्कामाबाहेर पडलो तेव्हा समोरच्या घरची वृद्धा आपले अंगण झाडीत होती. तेथील शिरस्ता बाईंनी सांगून ठेवला होता: शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर अधिक झाडावे, अजिबात न झाडणे कोरडेपणाचे, आणि फार पुढे गेल्यास शेजाऱ्यावर उपकाराचे ओझे. मी उभा राहून पाहिले. खराट्याचा फटकारा हद्दीच्या दगडापलीकडे हातभर गेला आणि थांबला. मग तिने कळशीतले पाणी शिंपडले. मी सामान उचलून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने गेलो.