संसारांतील शास्त्र : फ्रीझरमधील तुषार

अमरकोशांत हिमाला नीहार, तुषार, तुहिन, प्रालेय अशीं कितीतरी नांवें दिलीं आहेत. ज्या प्रांतांत हिम पडत नाहीं तेथल्या मुलांनीं हीं कां घोकावीं, असा प्रश्न आमचे विद्यार्थी आम्हांस नेहमीं विचारीत. आज त्यांच्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत एक लहानसा हिमालय उभा आहे, आणि त्याचें करावें काय हा त्यांच्या गृहिणींपुढील प्रश्न आहे. गृहिणी त्यास सरसकट बर्फ म्हणतात. परंतु बर्फ आणि तुषार यांत भेद आहे, व तो ध्यानीं आल्यावांचून त्यावरील उपाय हातीं येत नाहीं.

पेल्यांतील पाणी गोठून होतो तो बर्फ. फ्रीझरच्या भिंतीवर चढतो तो तुषार; हवेंतील अदृश्य बाष्प थेट घनरूप होऊन तो बनतो. तीस अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम बाष्प धारण करूं शकते. शून्य अंशावर तेवढ्याच हवेंत जेमतेम ५ ग्रॅम मावतें, आणि फ्रीझरच्या उणे १८ अंशांवर तर सुमारें १ ग्रॅमच. दार उघडलें कीं बाहेरची दमट हवा आंत शिरते, आणि जें बाष्प तिला झेपत नाहीं तें सर्वांत थंड पृष्ठभागावर टाकून देते. झांकण न ठेवलेली आमटी, न निथळलेली कोथिंबीर हींही आपला ओलावा त्याच भिंतीस वाहतात. वैशाखांतील देशावरच्या कोरड्या हवेपेक्षां आषाढांतील कोंकणच्या हवेंत हा थर फार लौकर वाढतो, त्याचें कारण हेंच.

थर वाढला तर थंडावाही वाढेल, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. तुषाराच्या कणाकणांत हवा कोंडलेली असते, आणि कोंडलेली हवा उष्णतेस अडविते. कापसाची रजई ऊब राखते ती याच न्यायानें. थंड पत्र्यावर ही रजई पसरली म्हणजे पदार्थांची उष्णता पत्र्यापर्यंत पोहोंचेनाशी होते, कॉम्प्रेसर अधिक वेळ चालतो, विजेचें बिल चढतें, आणि इतकें होऊनही खालच्या खणांतील दूध नासतें. यास्तव थर सुमारें ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच झाला कीं तो काढावा.

तो कसा काढूं नये, हें आधीं सांगितलें पाहिजे. आमच्या परिचयाच्या एका घरीं गेल्या श्रावणांत, सत्यनारायणाच्या आदल्या संध्याकाळीं, खोवलेल्या नारळाचा डबा या थरांत रुतून बसला. घरचे चिरंजीव स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खणूं लागले. तिसऱ्या-चौथ्या घावास 'फुस्स' असा आवाज झाला. पातळ पत्र्यांतील ज्या वाटेनें शीतक वायु फिरतो ती वाटच फुटली होती. हल्लींच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्यें हा वायु आयसोब्युटेन असतो, आणि तो ज्वालाग्राही आहे. सासूबाई सांजवातीसाठीं काडी ओढणार, तोंच सुनेनें त्यांचा हात धरला, गॅस बंद असल्याची खात्री केली, एकाही विजेच्या बटणास हात न लावतां सर्व खिडक्या उघडल्या आणि मंडळींस ओटीवर बसविलें. त्या दिवशीं देवाजवळ दिवा तासभर उशिरा लागला. पण घर शाबूत राहिलें. फ्रीज मात्र दुरुस्तीपलीकडे गेला. सुरी, सांडशी, मेणबत्ती हीं या कामीं सर्वथा वर्ज्य होत.

आतां योग्य रीत. फ्रीझर बहुधा रिकामा असेल असा दिवस, म्हणजे बाजारास जाण्याचा आदला दिवस, निवडावा. साध्या एकदारी फ्रीजमध्यें थंडाव्याच्या खुंटीच्या मध्यभागीं बहुधा एक बटण असतें. तें दाबलें असतां यंत्र थांबतें व तुषार वितळल्यावर आपोआप पुन्हां सुरू होतें. परंतु थर जाड असेल तर प्लगच काढावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभें राहून चालू यंत्रांत हात घालणें हा अविचार होय. गोठलेले पदार्थ एकमेकांस चिकटून ठेवून वर्तमानपत्रांत व जाड चादरींत गुंडाळावे. मग दार उघडें टाकून, आंत घडी केलेल्या टॉवेलावर गरम पाण्याचें पातेलें ठेवावें. एक किलो बर्फ नुसता वितळण्यास जेवढी उष्णता लागते तेवढींत तेंच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापतें. म्हणून एका पातेल्यानें भागलें नाहीं तर उतावीळ होऊं नये. पाणी निवालें कीं बदलावें. पंख्याचा वाराही उपयोगीं पडतो. सैल झालेले तुकडे हातानें उचलावे, खालचा ट्रे भरण्यापूर्वींच रिकामा करावा. शेवटीं खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें पुसून आंतील भाग अगदीं कोरडा करावा. राहिलेला ओलावा हेंच पुढच्या थराचें बीज होय. वितळून मऊ पडलेले मटार त्याच दिवशीं शिजवावे. वितळलेलें आइस्क्रीम पुन्हां गोठवूं नये.

ज्या घरीं मधुमेहाचें माणूस आहे तेथें आणखी एक जपणूक हवी. न उघडलेलें इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावयाचें असतें. थरामुळें थंडावा कमी पडला म्हणून खुंटी पुढें सरकविली, तर फ्रीझरलगतची कुपी गोठते. आणि एकदां गोठलेलें इन्शुलिन, दिसावयास चांगलें असलें तरी, टाकून द्यावें लागतें. त्याची जागा दारांत किंवा मधल्या खणांत असावी. सफाईच्या दोन-चार तासांत तें घरांतील सावलीच्या गार जागीं ठेवल्यास बिघडत नाहीं.

थर मुळींच लौकर न चढावा यासाठीं दाराच्या रबराकडे लक्ष द्यावें. कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें. ती सहज निसटली तर रबर सैल झालें असें समजावें. रबर साबणाच्या पाण्यानें वरचेवर पुसावें. अन्न निवल्यावर व झांकूनच आंत ठेवावें. भिंतीस तेलाचा हात लावल्यानें थर सुटावयास सोपा जातो, चढावयाचा थांबत नाहीं. 'फ्रॉस्ट-फ्री' म्हणून जे फ्रीज मिळतात त्यांत एक तापक ठराविक वेळीं तुषार वितळवितो, व तें पाणी मागील तबकांत जाऊन वाळतें. अशा फ्रीजमध्यें थर दिसला तर खणीत न बसतां कारागिरास बोलवावें.

थेंबें थेंबें तळें सांचे, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. दाराच्या प्रत्येक उघडझांपीबरोबर थोडें थोडें बाष्प आंत जात असतें, आणि पावसाळ्यांत तर अधिकच. यास्तव ज्येष्ठ संपण्यापूर्वीं एकदां व गणेशचतुर्थीच्या चार दिवस आधीं एकदां एवढी सफाई घडली, तर मोदकांच्या नारळासाठीं कोणास हत्यार उचलण्याचा प्रसंग येणार नाहीं.