व्हीलचेअरवर कर कशासाठी?

ऑक्टोबर 2010 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील धनिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी 150 मर्सिडीज गाड्या विकत घेतल्या. शहराचे नाव जगाच्या नकाशावर आणण्यासाठी हे केले, असे सांगण्यात आले. एकगठ्ठा खरेदीमुळे त्यांना सवलत मिळाली, बँकेचे स्वस्त कर्जही मिळाले. आज त्याच शहरातील मुकुंदवाडीत पाय गमावलेल्या मजुराने व्हीलचेअर घ्यायची म्हटले, तर शासन त्याच्याकडून 5 टक्के जीएसटी घेते. बॅटरीवर चालणाऱ्या कोटी रुपयांच्या मोटारीवरही 2019 पासून 5 टक्केच कर आहे. श्रीमंताची हौस आणि अपंगाचे पाय, दोन्ही एकाच तराजूत! याला समता म्हणायचे काय?

मराठवाड्यात पाय आणि पाठीचा कणा कोणाचा मोडतो? ऊसतोडीला ट्रॅक्टर-ट्रॉलीतून जाणाऱ्याचा, बांधकामाच्या परातीवरून पडणाऱ्याचा, दगडाच्या खाणीत राबणाऱ्याचा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अपंगांची संख्या 29 लाख 63 हजार होती. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर 2025 पासून महिना 2,500 रुपये मिळू लागले. आयआयटी मद्रासने त्याच वर्षी 9 किलो वजनाची हलकी व्हीलचेअर बाजारात आणली. परदेशी खुर्चीपेक्षा ती पुष्कळ स्वस्त, तरी किंमत 75 हजार. म्हणजे त्या माणसाने 30 महिने काहीही न खाता-पिता मानधन साठवायचे, तेव्हा ती खुर्ची दारात येणार. लाखाच्या खुर्चीवर 5 टक्के कर म्हणजे 5,000 रुपये. दोन महिन्यांचे मानधन शासन एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने काढून घेते.

हा कर पूर्वीपासून होता असे नाही. महाराष्ट्राच्या मूल्यवर्धित कर कायद्यात अपंगांची साधने करमुक्त यादीत होती. डिसेंबर 2015 मध्ये पंतप्रधानांनी अपंगांना ‘दिव्यांग’ म्हणण्याचे आवाहन केले आणि जुलै 2017 मध्ये त्याच दिव्यांगांच्या साधनांवर जीएसटी लागला. 22 सप्टेंबर 2025 ला अनेक वस्तूंचे दर उतरले, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला. व्हीलचेअर मात्र 5 टक्क्यांतच राहिली.

शासनाचा युक्तिवाद असा की, करमाफी दिली तर देशी उत्पादकाला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळणार नाही. त्याची खुर्ची महाग होईल आणि परदेशी खुर्ची स्वस्त. वरवर हे पटण्यासारखे आहे. पण मग श्रवणयंत्रे 2017 पासूनच करमुक्त कशी? आणि दुसरा मार्ग तर कायद्यातच आहे. वाळूजच्या बजाज ऑटोच्या कारखान्यातून रिक्षा परदेशी जातात. एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे निर्यात ‘शून्य-दर’ असते. विक्रीवर कर नाही आणि सुट्या भागांवर भरलेला करही परत. परदेशातील ग्राहकासाठी जे जमते, ते आपल्याच देशातील अपंग नागरिकासाठी का जमत नाही? व्हीलचेअर, कॅलिपर, कृत्रिम पाय आणि तीनचाकी सायकल यांना कायदा दुरुस्त करून शून्य-दर द्या. उत्पादकही बुडणार नाही आणि अपंगही लुबाडला जाणार नाही.

कोणी म्हणेल, केंद्राची एडिप योजना 1981 पासून आहे, शिबिरात साधने फुकट मिळतात. महिना 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला ती मोफत आहेत, हे खरे. पण शिबिराची वाट पाहायची, मोजमाप द्यायचे, पुन्हा वाटपाच्या दिवसाची वाट पाहायची आणि पुढाऱ्याबरोबर फोटो काढून जे मिळेल ते घ्यायचे, याला दान म्हणतात. भारतीय राज्यघटनेच्या कलम 19 ने प्रत्येक नागरिकाला देशभर संचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. ज्याला घराचा उंबरठा ओलांडता येत नाही त्याला हे स्वातंत्र्य कागदावरच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचे कलम 20 साधने परवडणाऱ्या किमतीत द्या म्हणते. भारताने 2007 मध्ये त्याला मान्यता दिली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये मोफत साधनांची तरतूद आहे, पण ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पळवाटही ठेवली आहे. मोटारींवरील सवलतीच्या वेळी ही क्षमता आठवत नाही.

कार्यकर्त्यांनी दोन कामे हाती घेतली पाहिजेत. जीएसटी परिषदेत महाराष्ट्राला मत आहे. राज्याच्या प्रतिनिधीने तेथे शून्य-दराची मागणी मांडावी, यासाठी आपल्या आमदारांना विधिमंडळात बोलायला भाग पाडा. दुसरे, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची, असा शासनाचा आदेश आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका आणि गेल्या तीन वर्षांत किती जमा झाले, किती खर्च झाले, कशावर झाले, ते विचारा. निधी पडून असेल तर त्यातून एकगठ्ठा खरेदी करा, माणसाच्या मापाच्या खुर्च्या घ्या आणि दुरुस्तीचीही सोय करा. एकगठ्ठा खरेदीला सवलत मिळते, हे मर्सिडीजवाल्यांनी याच शहरात दाखवून दिले आहे.